झाकून ठेवलेलं दुखणं

आमच्या आईचा एक नियम होता. डॉक्टरची चिठ्ठी घरात ठेवायची नाही. उल्हासनगरहून गोळ्या आल्या की ती त्या च्यवनप्राशच्या एका जुन्या डब्यात ओतायची आणि चिठ्ठी, पाकीट, केमिस्टची पावती सगळं चुलीत घालायची. त्याची राख होईपर्यंत चुलीपुढून उठायची नाही. शेजारणीने विचारलंच, तर "पोराला शक्तीच्या गोळ्या चालू हायत," म्हणून मोकळी व्हायची. शक्तीच्या! बावीस वर्षांचा दांडगा पोरगा, अंबरनाथच्या कंपनीत टर्नर, भाताची दोन ताटं एका बैठकीत उडवणारा. त्याला कसली डोंबलाची शक्ती कमी पडली होती? पण आमच्या गावात, खरवईत, कोणी उलटून विचारलं नाही. की सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोललं नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

माझ्या धाकट्या भावाला फिट यायची. तेरा वर्षांचा असताना पहिली आली. चुलीपाशी बसला होता, तिथेच आडवा झाला आणि कोपर निखाऱ्यावर गेलं. त्यानंतर आईने त्याला उल्हासनगरच्या एका सिंधी डॉक्टरांकडे नेलं. बदलापुरात डॉक्टर नव्हते असं नाही. पण बदलापूरच्या दवाखान्यात बाकावर शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नव्हता. डॉक्टर चांगले होते. सकाळी एक गोळी, रात्री एक. दर खेपेला बोट उगारून बजावायचे, "एक दिवस भी छोडना नहीं. अचानक बंद केली ना, तर एकामागून एक फिट येणार, थांबणारच नाही. जान जाएगी."

आई घरी येऊन म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. थोडी शेती, थोडी भाजी विकायची, आणि घरात दोन लग्नाची पोरं. फिट येणाऱ्या घरात मुलगी कोण देईल आणि त्या घरातली मुलगी कोण करून घेईल, या एका काळजीपायी ती बाई नऊ वर्षं कागद जाळत होती. मी तिच्यावर चिडायचे, पण गोळ्या आणायचं काम माझंच होतं. मी उल्हासनगरला एका कारखान्यात परकर शिवायला जायचे. येताना गोळ्या पर्समध्ये आणि चिठ्ठी आईच्या हातात. म्हणजे पापात माझाही अर्धा वाटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

ज्या वर्षी माझं लग्न ठरलं, त्याच वर्षी हे झालं. मी चोवीस वर्षांची, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने घोडनवरीच. मुलगा कात्रपचा, सरकारी नोकरीतला. सुपारी फुटली होती, तारीख धरली होती. होणारे सासरे मोठे वजनदार गृहस्थ. त्यांनी खोकलं तरी पंचायतीतले लोक मान डोलवायचे.

एका सोमवारी भावाच्या कंपनीच्या गेटवर मारामारी झाली. कामगार एका बाजूला, ठेकेदाराची माणसं दुसऱ्या बाजूला. कोणीतरी सळई मारली आणि मुकादमाचं डोकं फुटलं. पोलिसांनी हाताला लागले त्यांना उचललं, त्यात आमचा हा शहाणा. मारामारी बघायला उभा होता म्हणे! मुकादम जगेल की नाही याची खात्री नव्हती, त्यामुळे कलम जबर लागलं.

पहिले पाच दिवस तो पोलिसांच्या कोठडीत होता. तिथे मी डब्यातल्या भाताच्या मुटक्यात रोज दोन गोळ्या दडपून पाठवत होते. डबा कोणी उघडून बघत नव्हतं. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं! आज वाटतं, त्या डब्यानेच आमचा घात केला. पहिल्याच दिवशी कोणीतरी साहेबाला सरळ सांगून टाकलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

शनिवारी कोठडी संपली आणि त्याची रवानगी जेलमध्ये झाली. जेलमध्ये नवा माणूस आला की डॉक्टर तपासतात, अंगावरच्या खुणा लिहितात आणि विचारतात, काही आजार आहे का? आमच्या भावाने सांगितलं, नाही. विचार करूनही नाही. लहानपणापासून हा प्रश्न आला की तोंडातून 'नाही' यायचं, तसंच ते आलं. रजिस्टरला लागलं, प्रकृती ठणठणीत. हे मला सोमवारी मुलाखतीच्या जाळीपलीकडून त्यानेच सांगितलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"गोळ्या?" मी ओठ हलवले.

त्याने मान हलवली. शनिवारपासून नाही.

मी सामान जमा करायला फाटकाकडे निघाले. माझ्या पिशवीत उपाय होता. आईने आणि मी रव्याचे लाडू वळले होते आणि प्रत्येक लाडवात एक गोळी घातली होती. जेलवाल्यांना साधी बाई वाटावी म्हणून मी डोक्यावरून पदरसुद्धा घेतला होता. फाटकावरच्या शिपायाने पिशवी घेतली, लाडू बाहेर काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत अंगठ्याने फोडला. मग दुसरा. मग तिसरा. जेल म्हणजे काय आमच्या मामाचं घर होतं? ते प्रत्येक लाडू फोडतात, प्रत्येक चपाती उलगडतात. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघींच्या डोक्यात आली नाही.

"हे काय आहे, बाई?" त्याच्या तळहातावर रव्याने माखलेली पांढरी गोळी.

तेव्हा तरी खरं बोलायचं ना! त्या शिपायाच्या मागे आमच्या बाजूच्या गावची एक ओळखीची बाई तिच्या नवऱ्याला भेटायला उभी होती. ती मान लांब करून ऐकत होती. मी म्हटलं, "शक्तीची आहे."

"शक्तीची गोळी लाडवात लपवून देतात होय?" तो म्हणाला. "नशेच्या गोळ्या अशाच येतात इथे. आम्ही काय काल आलो का?"

लाडू जप्त. माझं नाव, पत्ता लिहून घेतला. पंधरा दिवस मुलाखत बंद. भावाला आत काय भोगावं लागेल ते वेगळंच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, तेच. फाटकाबाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला बसले आणि हमसून हमसून रडले. लोक बघत होते, बघू देत म्हटलं.

घरी आले तर आई देवापुढे बसलेली. सगळं ऐकून म्हणाली, "पाच दिवस रोज गोळी गेलीय ना त्याच्या पोटात? मग आता दोनचार दिवस काय होत नाय, गो बाय. देव बगून घेईल."

"देवाला काय जेलची मुलाखत मिळते?" मी ओरडले. आईवर असं ओरडले ते पहिल्यांदाच. ती रव्याचं रिकामं पातेलं घासायला घेऊन गेली.

मंगळवारी मी कारखान्यात दांडी मारून डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये नऊ वर्षांचं सगळं असेल, एक सर्टिफिकेट घ्यायचं आणि जेलच्या डॉक्टरपुढे ठेवायचं. डॉक्टरांनी रजिस्टरं काढली. सगळं होतं. पहिली फिट कधी, डोस कधी वाढवला, सगळं व्यवस्थित. फक्त नाव आमच्या भावाचं नव्हतं. आईने पहिल्याच दिवशी तिसरंच नाव सांगितलं होतं, आडनाव तिसरंच, गाव शहाड. नऊ वर्षं तो त्या दवाखान्यात त्या नावाने हाक आली की उठून आत जात होता. मलाही ते ठाऊक होतं, पण ते माझ्या लेखी इतकं जुनं झालं होतं की विसरले होते. कपाळ माझं!

"मी याला ओळखतो," डॉक्टर म्हणाले, "पण मी लिहिणार काय? या नावाचा माणूस जेलमध्ये नाही. आणि जेलमध्ये जो आहे, त्याला माझ्या रजिस्टरमध्ये कुठे दाखवू?" मग म्हणाले, "आज कितवा दिवस?"

"चौथा."

ते चष्मा पुसत बसले. त्यांनी धीर दिला असता तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी दिला नाही. खोटं बोलणारे आमच्याच घरात होते, डॉक्टर नव्हते. त्यांनी एका कागदावर गोळीचं नाव आणि डोस लिहून दिला, वर पेशंटचं नाव न घालता, आणि म्हणाले, कोणी डॉक्टर विचारायला आला तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तो कागद घेऊन मी कोर्टाच्या आवारात गेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण माझ्यात शहाणपण उरलंच कुठे होतं? आमचा वकील सगळ्या कामगारांचा मिळून एक होता आणि तो सापडत नव्हता. झाडाखाली एक म्हातारे सिंधी टायपिस्ट बसायचे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. अर्ज टाइप करून करून त्यांना अर्ध्या वकिलाइतका कायदा येत होता. मी त्यांच्यासमोर बसले आणि कसं कोण जाणे, परक्या माणसापुढे सगळं भडाभडा बोलून टाकलं. फिट, चूल, लाडू, खोटं नाव.

दादांनी डॉक्टरांचा कागद अर्जाला जोडायला बाजूला ठेवला आणि मशीनमध्ये कोरा कागद चढवला. "अरे बेटा, तुझा भाऊ आरोपी आहे. अजून गुन्हा साबित नाही. आणि साबित झाला तरी जेलमध्ये औषध मिळणं हा त्याचा हक आहे, मेहेरबानी नाही. तू चोरून का देतेस? चोरून दिलं की चोरी होते. परवा त्यांची बेलची तारीख आहे ना? सगळ्यांना आणतील. तू कोर्टात उभी राहायचं, हा अर्ज द्यायचा, आणि मॅजिस्ट्रेटला तोंडाने सांगायचं. वकील असो नसो. सांगता येतं."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय कानात सांगणार?"

 गुरुवारी कोर्टात कोण येणार होतं, ते मला माहीत होतं. बेल झालीच तर जामीनदार म्हणून सही करायला माझे होणारे सासरेच येणार होते. त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, "मुलगा आपला आहे, मी उभा राहतो." मोठ्या मनाचा माणूस. आता त्या माणसासमोर मी उभी राहून सांगणार होते की आम्ही तुम्हाला फसवलंय.

बुधवारची रात्र कशी गेली ते सांगत नाही. आईला अर्जाचं सांगितलं नाही, एवढंच सांगते. तिने माझे पाय धरले असते.

गुरुवारी कोर्टात गर्दी. सासरे मागच्या बाकावर, इस्त्रीचा सदरा, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. मला बघून त्यांनी मान हलवली, अगदी प्रेमाने. आरोपींना आणलं. माझा भाऊ रांगेत तिसरा. सोमवारनंतरच्या तीन दिवसांत तो एवढा सुकला होता की मला आधी ओळखूच आला नाही. त्याची नजर एका जागी ठरत नव्हती. फिट यायच्या आधी दोन दिवस त्याचं असंच व्हायचं. ते फक्त आई आणि मीच ओळखू शकत होतो. 

वकील आले आणि बेलचं बोलणं झालं. सरकारी वकील म्हणाले, मुकादम अजून हॉस्पिटलात आहे. बेल पुढच्या तारखेवर गेली. क्लार्कने पुढचा पुकारा करायला तोंड उघडलं आणि मी उभी राहिले. अर्ज धरलेला हात वर केला, शाळेत करायचे तसा.

"साहेब, मला सांगायचंय."

वकिलांनी मला खाली बसायला खुणावलं. मी बसले नाही. मॅजिस्ट्रेटनी अर्ज वर मागवला, वाचला, आणि भावाकडे बघून विचारलं, "तुला फिट येते?"

आमच्या भावाने माझ्याकडे बघितलं. मग मागे, बाकावर बसलेल्या सासऱ्यांकडे. मग हात जोडले. "नाही साहेब. मला काही होत नाही. बहीण घाबरलीय."

मला काय झालं कोण जाणे. कोर्ट, पोलीस, सासरे, कोणी दिसेना. "खोटं बोलतोय!" मी ओरडले. "साहेब, हा खोटं बोलतोय, माझ्या लग्नासाठी खोटं बोलतोय. तेरा वर्षांचा होता तेव्हापासून येते. पडतो, डोळे वर जातात, तोंडातून फेस येतो, कपडे ओले होतात. आम्ही कागद जाळले, नाव खोटं सांगितलं, लाडवात गोळ्या घातल्या, सगळं आम्ही केलं. आमच्याकडे त्याच्या नावाचा एक कागद नाही. पण त्याचं उजवं कोपर बघा, चुलीवर पडलाय. जीभ बघा, दोन्ही कडांना चावल्याच्या खुणा आहेत. आज सहावा दिवस आहे साहेब, गोळी नाही. हा मरेल."

 मॅजिस्ट्रेट म्हणाले, "बाई, आवाज खाली." मग भावाला म्हणाले, "बाही वर कर." त्याने केली नाही. शेजारच्या पोलिसानेच त्याची बाही वर सरकवली. कोपर दिसलं, नऊ वर्षांपूर्वीचं, पांढरट आणि चुरगळलेलं. भाऊ रडत होता. मला वाटतं, त्याला माझा तेवढा राग आयुष्यात कधी आला नसेल.

"मी काही डॉक्टर नाही," मॅजिस्ट्रेट म्हणाले, "पण जो आहे तो बघेल." आणि त्यांनी ऑर्डर सांगितली, आरोपीची ताबडतोब तपासणी करून औषध चालू करावं, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे चौकशी करावी. मी मागे वळले तेव्हा शेवटचं बाक रिकामं होतं.

ऑर्डर टाइप व्हायची, सही व्हायची, शिक्का लागायचा. दादा म्हणाले, टपालाच्या भरवशावर राहू नको, नक्कल हातात घे आणि स्वतः जा. नक्कल शुक्रवारी दुपारी मिळाली. त्याआधी सकाळीच कात्रपहून निरोप येऊन गेला होता. एक माणूस दारात उभा राहिला, आत आला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. सुपारीत दिलेली साडी परत द्या म्हणाला. आईने साडी दिली आणि दार लावून घेतलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेलच्या फाटकावर तोच लाडू फोडणारा शिपाई होता. मी नक्कल पुढे केली. त्याने ती वाचलीच नाही. "त्याला पहाटेच हॉस्पिटलात हलवलाय," म्हणाला. "लागोपाठ तीन आल्या." मी फाटकाचा गज धरला. तो म्हणाला, "आहे बाई, जिवंत आहे. काल कोर्टातून आणणाऱ्या पोलिसाने आत सांगून ठेवलं होतं, याची बहीण असं असं ओरडली म्हणून. नाहीतर पडल्याचं सोंग करणारे इथे रोज असतात. सकाळपर्यंत कोणी हात लावला नसता."

सरकारी हॉस्पिटलात तो कोपऱ्यातल्या खाटेवर होता. हाताला सलाईन, पायात साखळी, साखळीचं दुसरं टोक खाटेच्या लोखंडाला. उठून बसायची ताकद नव्हती आणि त्याला साखळी! मी बसलेल्या पोलिसाला म्हटलं, "हा पळून कुठे जाणार आहे?" तो म्हणाला, "ते साहेबाला विचारा. तुम्हाला पाच मिनिटं."

मी खाटेच्या कडेला बसले. बराच वेळ त्याने मला ओळखलंच नाही, नुसता बघत राहिला. जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत मी आले.

"ताई, लग्न?"

एवढंच. कोर्ट आठवत होतं की नाही, मी काय ओरडले ते आठवत होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"आहे ना," मी म्हटलं. "ठरलंय तसंच."

त्याच्या सुजलेल्या ओठांवर हसू आलं. शब्द नीट फुटत नव्हते, तरी तो एकेक शब्द जोडत बोलला. "बघ. मी नाही म्हटलं कोर्टात. म्हणून वाचलं. तू उगाच ओरडलीस."

आयुष्यात कोणाचं ऐकून न घेणारी मी. पण त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "हो रे. तुझ्यामुळेच वाचलं."

त्याने डोळे मिटले. पोलीस म्हणाला, पाच मिनिटं झाली.